दुकानात रोज विचारतात ते: पिक्चर, मशिनी, फुकटचं सॉफ्टवेअर आणि अजब जनावरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वरोरा आणि हिंगणघाटच्या मधल्या एका गावात माझं झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सर्व्हर डाऊन असला की लोक बाकावर बसतात, आणि बसले की विचारतात. पिक्चर कोणता पाहू, टॉर्च कोणता घेऊ, लॅपटॉपात काय टाकू, काल वावरात दिसलं ते जनावर कोणतं. तेच ते सांगून जीभ दुखायला लागली म्हणून लिहून काढलं. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत. उत्तरं माझी आहेत. पटली नाहीत तर दुकान सकाळी नऊला उघडते.

भाऊ, घरचे सगळे मिळून पाहू असा एखादा मराठी पिक्चर सांगा न.

'वळू'. उमेश कुलकर्णींचा, 2008 चा. देवाच्या नावानं सोडलेला एक बैल गावात मोकाट फिरतो, गावात काहीही बिघडलं की नाव त्याच्यावर येते, आणि त्याला पकडायला वनखात्याचा साहेब येतो. आमच्या घरी आजी हसून हसून खाटेवरून उठून बसली. गाव पश्चिम महाराष्ट्राकडचं वाटते, पण असा एक बैल आणि असे चार पुढारी आपल्याकडेही निघतातच.

आपल्या विदर्भावर कोनता पिक्चर हाये? खरा वाला.

'गाभ्रीचा पाऊस', 2009. दिग्दर्शक सतीश मनवर. नाव ऐकूनच कळते की माणूस आपल्याकडचा आहे. पावसाला अशी शिवी बाहेरचा देणार नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला असतो, आणि अलकाच्या डोक्यात बसते की आपला नवराही तेच करेल. मग ती पोराला बापाच्या मागं लावते, नवऱ्याला आवडीचं करून घालते, एकटं सोडत नाही. त्याच्या मनात तर पेरणीशिवाय दुसरं काही नसते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. बरेच ठिकाणी हसू येते, आणि आपण कशावर हसलो ते कळल्यावर गप्प बसावं लागते. दुबार पेरणीच्या आठवड्यात मात्र घरच्या कर्त्या माणसासोबत हा लावू नका. मी एकदा लावला होता. बाबा अर्ध्यातून उठून बाहेर गेले, रात्री जेवले नाहीत.

हलकं पाहिजे असेल तर 'झुंड', 2022, नागराज मंजुळेंचा. हिंदी आहे, पण पोट्ट्यांची हिंदी नागपूरची आहे आणि त्यातली बरीचशी पोट्टी खरोखर नागपुरातलीच आहेत. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे नागपूरचे विजय बारसे यांच्या कामावरून घेतलेला आहे. लांब आहे, दोन बैठकीत पाहिला तरी चालते.

वाघाचा पिक्चर?

'शेरनी', 2021, विद्या बालन. पिक्चरमध्ये पांढरकवड्याचं नाव नाही, जंगलही मध्य प्रदेशातलं आहे, पण पांढरकवड्याकडची अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला मारली गेली तेव्हा ज्यांनी पेपर वाचले त्यांना सगळं ओळखीचं वाटेल. वाघ कमी दिसतो, साहेब लोक जास्त दिसतात. ताडोब्याच्या बफरमधल्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

जनावरांचंच पाहायचं असेल तर 2014 चा डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरचा पिक्चर पहा, नाना पाटेकरांचा. भामरागडकडे हेमलकशाला 1973 मध्ये काम सुरू झालं, दवाखान्यासोबत अनाथ जंगली जनावरांचंही घर झालं. आनंदवन आमच्या वरोऱ्यालाच, त्यामुळे आमच्याकडे हा पिक्चर थोडा घरचाच समजतात.

पिक्चर पाहून कंटाळा आला. दुसरं काई?

झाडीपट्टीचं नाटक. धान निघालं की दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या गावांत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानं नाटकं लागतात. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, कंपन्यांची ऑफिसं आहेत. तारखा तिथूनच ठरतात. रात्री सुरू होते ते झुंजूमुंजूला संपते. सोबत चादर, चटई आणि भाजलेल्या फल्ल्या. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांनी नाव विचारलं.

जागलीले जातो. टॉर्च कोनता घेऊ?

डोक्याला बांधायचा. हात मोकळे राहतात, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात डबा. दुकानदार हजारो लुमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे, आकडे सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नका. 200-300 लुमेन खरे असले तरी धुरा स्वच्छ दिसते. पाहायचं ते वेगळंच: सेल बाहेर काढता येते का. आत कायमची बसवलेली बॅटरी दोन हंगामात बसली की टॉर्च फेकावा लागते. 18650 नावाचा सेल काढ-घाल करता येत असेल तर एक जास्तीचा खिशात ठेवा आणि अमावस्येची काळजी सोडा. आणि पायात गमबूट. टॉर्चपेक्षा आधी तेच घ्या, खरं सांगतो.

पॉवर बँकवर 10000 लिहिलं होतं, मोबाइल 5000 चा. दोनदा काहून चार्ज होत नाई? दुकानदारानं फसवलं का?

दर वेळी नाही. तो आकडा आतल्या सेलचा आहे आणि तो 3.7 व्होल्टवर मोजतात. बाहेर येताना 5 व्होल्ट करावे लागतात, त्यात काही उष्णतेत जाते, मोबाइलच्या बॅटरीत जातानाही काही जाते. दीड वेळा भरला तर पॉवर बँक इमानदार आहे असं समजा. एकदाही पूर्ण भरला नाही तर मात्र परत न्या.

मी स्वतः एक स्वस्तातली घेतली होती, नाव घेत नाही. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिक्कीत राहिली आणि पुरीसारखी फुगली. फुगलेली पॉवर बँक टोचून पाहायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही.

उन्हाळ्यात मोबाइल बंद पडते, उपाय?

बहुतेक मोबाइल 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे नवतप्यात पारा 46 च्या वर जातो. बिचाऱ्याचा दोष नाही. चार्जिंग पहाटे करा, मागचं कव्हर काढून. गरम झाला म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. आत दव धरते. कुलरसमोर ठेवला तर चालते, पण ताट्यांना टेकवून नाही. हे लिहावं लागते, कारण एकानं टेकवला होता.

रानडुकरं पऱ्हाटी ठेवत नाईत, रोही तूर ठेवत नाईत. तारेत करंट सोडू का?

नाही. बाकी सगळं विनोदानं घ्या, हे घेऊ नका. लाईनची तार थेट कुंपणाला जोडली की डुक्कर मरते, वाघ मरते, आणि रात्री पाणी द्यायला आलेला शेजारचा माणूसही मरते. सकाळी जेवणाचा डबा घेऊन येणारा पोरगाही. गुन्हा तर आहेच. आपल्या जिल्ह्यात हे पेपरात किती वेळा वाचलं ते तुम्हीच मोजा.

झटका मशीन वेगळी असते. ती बॅटरीवर चालते, बॅटरी सोलरवर भरते. तारेत काही हजार व्होल्ट येतात, पण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी वेळ, आणि साधारण सेकंदातून एकदाच. जनावराला सणकन बसते आणि मधल्या वेळात सुटायला वाव मिळते. लाईनचा करंट चिकटवून धरतो, झटका सोडतो. फरक एवढाच आहे, आणि जीव जगण्या-मरण्याचा आहे.

मशीन चांगली असूनही "झटका लागत नाही" म्हणून लोक माझ्याकडे आणतात. दहापैकी आठ वेळा मशीन ठीक असते. अर्थिंगची सळई कोरड्या जमिनीत टीचभर गाडलेली असते. ती खोल आणि ओलीच्या जागी पाहिजे. नाहीतर गवत वाढून तारेला टेकलेलं असते आणि सगळा झटका गवतातून जमिनीत जातो. झडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तारेखालचं गवत कापा. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, नाहीतर ते खालून जातात. रोह्यासाठी वरची उंच लागते. रोही म्हणजे नीलगाय, आशियातलं सगळ्यात मोठं कुरंग (अँटिलोप) आहे ते, नावात गाय असली तरी गाय नाही.

दुर्बीण घ्यायची हाये, पाखरं पाहायले. आकडे समजत नाईत.

8×42. पहिला आकडा किती पट मोठं दिसते तो, दुसरा पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची घेतली तर हात हलला की पाखरू नाचते. "100 पट" लिहिलेली बाजारातली लाल काचेची घेऊ नका.

फुकटचं सॉफ्टवेअर म्हंजे चोरीचं का?

नाही, आणि इथं आपली मराठी कामाची आहे. इंग्रजीत एकाच शब्दात दोन अर्थ अडकलेत, आपल्याकडे दोन शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत, पण आत काय आहे ते मालकालाच माहीत. मुक्त म्हणजे त्याची घडण उघडी आहे, कोणीही पाहावी, बदलावी, वाटावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली ती या दुसऱ्या अर्थानं. आणि तिसरा प्रकार म्हणजे पेनड्राइव्हमधून आणलेलं क्रॅक केलेलं, ते चोरीचंच आणि बहुतेक वेळा व्हायरससकट. माझ्या दुकानात तो पेनड्राइव्ह लावायचा नाही, कितीही जवळचे असा.

मंग काय काय टाकू?

पिक्चर, गाणी, लग्नाची सीडी, काहीही चालवायला व्हीएलसी. फ्रान्समधल्या कॉलेजच्या मुलांनी सुरू केलेलं, अजूनही जाहिरात नाही. अर्ज, ठराव, हिशोबाला लिब्रेऑफिस, मराठीतही येते. फोटो कापायला-सुधारायला गिम्प, भजनी मंडळाचा आवाज साफ करायला ऑडॅसिटी. हे सगळं मुक्त आहे.

पाखरांच्या आवाजासाठी मर्लिन नावाचं ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाचं. फुकट आहे पण मुक्त नाही, तरी मी ठेवतो. आधी भारताचा संच उतरवून ठेवला की वावरात रेंज नसली तरी ओळखते. टिटवीला टिटवी म्हणते, पण भोरड्या आणि मैना एकत्र ओरडल्या की गोंधळते.

पोट्टीच्या कॉलेजचा लॅपटॉप जुना हाये, विंडोज दहा बंद झालं म्हनतात. फेकू का?

फेकू नका, आणा. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, लॅपटॉप थांबला नाही. त्यात लिनक्स मिंट टाकतो, एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार. 2 जीबी रॅमवर चालते, 4 असली तर सुखानं चालते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवतो, आतलं काहीही न पुसता. वायफाय, आवाज, कॅमेरा चालला तरच पुढे. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की लोक मलाच विचारतात, नवीन दिला का.

एक अडचण लपवत नाही. माझ्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन मिंटवर चाललं नाही, दोन दिवस डोकं फोडलं आणि त्या कॉम्प्युटरवर विंडोजच ठेवलं. घरात अभ्यास, सिनेमा, टायपिंग एवढंच असेल तर ही अडचण येत नाही.

ग्रामपंचायतीची जुनी फाइल उघडली तर डबे-डबे आणि एबीसीडी दिसते.

ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातली आहे. त्या काळी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि खाली इंग्रजी उरते. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदलून देतो, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला. ठरावात "वर्ग"चं "वग" झालं तर मला बोलू नका. पुढे इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा ठरलेला कीबोर्ड, शिका. पंधरा दिवस बोटं रडतात, मग कोणत्याही कॉम्प्युटरवर तेच चालते. छापायला 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मुक्त आहेत, लग्नपत्रिकेपासून शोकसंदेशापर्यंत.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, शेवटी एपीके लिहिलं हाये.

उघडू नका. पत्रिका फोटोत येते, ॲपमध्ये येत नाही. चलान, पीएम किसान, बँक केवायसी, कोणतंही नाव असो, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल म्हणजे खिशात हात घालायला दिलेली परवानगी. उघडली असेल तर आधी नेट बंद करा, मग 1930 ला फोन करा, मग माझ्याकडे या. उलट्या क्रमानं येऊ नका.

मिरगाचा लाल मखमली किडा दोन वर्षांपासून कमी दिसून राह्यला. तो नेमका हाये काय?

किडा नाहीच तो, कोळ्याच्या नात्यातला आहे. पाय मोजा, आठ भरतील. वर्षभर जमिनीत राहतो, मिरूग लागून पहिला दमदार पाऊस झाला की एक-दोन दिवस वर येतो. पिकाला काही करत नाही, उलट दुसऱ्या किड्यांची अंडी खातो. बाटलीत भरून तेलासाठी विकणारे येतात, त्यांना धुऱ्यावरूनच परत पाठवा. लहानपणी आम्ही आगपेटीत ठेवायचो. सकाळी मेलेले असायचे, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा ठेवायचो.

सायाळ काटे फेकून मारते हे खरं का?

खोटं. ती पाठमोरी होऊन मागं धावते आणि काटे रुततात, सैल असतात म्हणून सुटून येतात. तिच्या बिळाजवळ कुरतडलेली हाडं दिसली तर घाबरू नका. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, ती हाडं आणि झडलेली शिंगं चावते.

मांडूळ पायजे म्हनते एक पाव्हना. दोन तोंडाचं, करोडो रुपये देतो म्हनते.

दोन तोंडं नाहीत. शेपटी बोथट असते, एवढंच. बिनविषारी आहे, उंदीर खाते, म्हणजे तुमचंच काम करते. करोड रुपये आजपर्यंत कोणाच्या हातात पडले नाहीत, बेड्या मात्र पडल्यात. खवल्या मांजराचंही तसंच: ते खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, औषध नाही. त्याला दात नसतात, मुंग्या-उधळी खाते, भ्यायलं की चेंडू होते, आणि म्हणूनच पकडणाऱ्याला सोपं जाते. दिसलं तर वनविभागाला 1926 वर सांगा आणि तोवर पोट्ट्यांना फोटोसाठी लांब ठेवा.

माह्या निंबावर मेळघाटातला रानपिंगळा बसते. पेपरवाल्याले बोलवू का?

डोक्यावर पांढरे ठिपके आहेत का? आहेत तर तो साधा पिंगळा, चहा घेऊन निवांत पहा. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळपास बिनठिपक्याची असते, छातीवर जाड पट्टे, आणि तो दिवसाही हिंडतो. 1884 नंतर त्याचा पत्ताच नव्हता, संपला असं धरलं होतं. 113 वर्षांनी, 1997 मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटातही चांगल्या संख्येनं निघाला. तुमच्या निंबावर निघाला तर पेपरवाल्याआधी मलाच बोलवा.

चार शिंगांचं हरीण असते म्हनून गुरुजी सांगत होते.

चौशिंगा. फक्त नराला, पुढची दोन बोटाएवढी. भारत आणि नेपाळ सोडून जगात कुठे नाही, आणि ताडोब्यात आहे. जिप्सीतले लोक वाघासाठी त्याच्यासमोरून जातात.

पोपट, चांदणी कासव, काई वेगळं पाळावं म्हनतो.

दोन्ही पाळणं गुन्हा आहे, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. वेगळं पाळायचं असेल तर आपलंच आहे की. वर्ध्याकडची गौळाऊ गाय पहा, पांढरी, सडपातळ, चालायला चपळ. नाहीतर नागपुरी म्हैस. शिंगं तलवारीसारखी लांब, मागं मानेपर्यंत गेलेली, आपलं ऊन काढते. दूध मुऱ्ह्याएवढं देत नाही, हे खरं. पण मुऱ्हा मे महिन्यात कशी हापते तेही पाहिलंय. शेळी घ्यायची तर बेरारी. बाहेरून आणलेली मोठी शेळी झडीत खोकत बसते.

साप ओळखायचं ॲप सांगा.

चावलेला असेल तर कोणतंच नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची किंवा फोटो काढत बसायची गरज नाही. आवळून बांधू नका, कापू नका, 108 ला फोन करा आणि सरळ दवाखान्यात. मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते आणि खूण नीट दिसतही नाही, म्हणून पावसाळ्यात खाट आणि मच्छरदाणी. नुसतं पाहायचंच असेल तर ॲपपेक्षा गावातला सर्पमित्र बरा, तो चहाही घेते.

जगातलं सगळ्यात अजब जनावर कोनतं? (सातवीतल्या पोट्टीचा प्रश्न)

पाणअस्वल. अर्ध्या मिलिमीटरचं, आठ पायांचं, गुबगुबीत. वाळलं तरी मरत नाही, पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागते. अवकाशात ठेवूनही त्यातली काही जगली. आणि ते बाहेरदेशात जाऊन पाहावं लागत नाही, तुमच्या न्हाणीमागच्या भिंतीवरच्या शेवाळात असते. त्याला लागते फोल्डस्कोप: मनू प्रकाश यांनी काढलेला कागदी सूक्ष्मदर्शक, घडी घालून बनतो, 140 पट मोठं दाखवतो, काही शे रुपयांत मिळतो. दुकानात एक ठेवला आहे. शेवाळाचा तुकडा रात्रभर वाटीत भिजवून आण, सकाळी नऊला. पाणी नळाचं नको, विहिरीचं आण.